सडा न घालायचे दिवस

आमच्या गच्चीच्या स्लॅबला चार भोकं आहेत. बोटभर खोल, चौकोनात. पोरगा दर पावसाळ्याआधी म्हणतो, "आण्णा, सिमेंट भरून टाकू. पाणी मुरतं." मी म्हणतो, "मुरू दे." तो म्हणतो, "खाली छताला ओल येते." मी म्हणतो, "घर माझं हाय, ओल पण माझीच." मग तो जिना उतरतो. माझ्याशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या भोकांत बोल्ट होते आणि बोल्टांवर हवेतली धूळ मोजायचं मशीन होतं. सुनंदाबाईंचं मशीन. म्हणजे तसं सरकारचं. पण सरकार काही माझा जिना चढून आलं नव्हतं. चढून आल्या त्या बाई.

आमची गल्ली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला चिकटून आहे. अलीकडं घरं, पलीकडं कारखाने. टॉवेल, चादरी, दिवसभर लूमचा खडखडाट. उजनीच्या पाण्यात आमचं गाव गेलं तेव्हा मी सोलापूरला आलो आणि लूमवर उभा राहिलो, तो गुडघे बोलायला लागेपर्यंत. घर माझ्या हातानं बांधलं. गल्लीच्या तोंडाशी एक सायझिंग आहे. सायझिंग म्हणजे सुतावर खळ चढवायचा कारखाना. खळ शिजवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला पोट असतं. लाकूड महाग झालं तसं त्या पोटात काय वाटेल ते जायला लागलं. चिंध्या, रेग्झिनचे तुकडे, रबर. धूर निघायचा तो काळा, चिकट, आणि वारा पडला की आमच्या गल्लीतच मुक्कामाला.

त्याच वर्षांत माझ्या बायकोला, कौसल्येला, खोकला लागला. डॉक्टर म्हणाला, वय झालं. पोरगा म्हणाला, जन्मभर चुलीपुढं बसली त्याचं आहे. सून म्हणाली, मनाला लावून घेतात. कौसल्या एकच म्हणायची, "ह्यो बॉयलरचा धूर हाय. छातीत येऊन बसतोय." तिचं कुणी ऐकायचं नाही. मी ऐकायचो, पण चौथी शिकलेल्या म्हाताऱ्यानं ऐकून काय होतंय?

अशात एका उन्हाळ्यात बाई दारात उभ्या राहिल्या. साऱ्या गल्लीत गच्ची मागून आल्या होत्या. एकानं सांगितलं, डोक्यावर मशीन नको. दुसऱ्यानं सांगितलं, आज हवा मोजाल, उद्या घर मोजून कर वाढवाल. बारीक अंगाच्या, चाळिशीच्या, सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. ते बूट बघून कौसल्या दारामागं पदर तोंडात धरून हसली.

"मामा, गच्ची बघायची होती."

"बघायला गच्ची काय पोरगी हाय व्हय?"

"पोरगी असती तर नापसंत करून गेले असते. गच्ची लांबनंच पसंत पडली, म्हणून उभी आहे."

वर गेल्या. चारी बाजूंना फिरल्या, पदराचं टोक वाऱ्यावर सोडून बघितलं, खाली आल्या. म्हणाल्या, "जागा चांगली आहे. घरंही जवळ, कारखानेही जवळ. पण राहू द्या. मशीन घोंघावतं दिवसभर. या वयात तुम्हाला नाही झेपायचं."

मला! मी म्हणालो, "बाई, मी लूमच्या खात्यात उभ्या उभ्या झोप काढलेला माणूस हाय. तुमचं मशीन काय घोंघावणार माझ्यापुढं? उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी आणलंच. पुढं कधीतरी चहा पिताना हसत हसत म्हणाल्या, "दार उघडताना तुम्ही ओरडून बोललात, तेव्हाच ओळखलं, लूमवाला आहे. लूमवाल्याला विनंती करायची नसते वो मामा. झेपणार नाही म्हणायचं असतं. माझा बाप असाच होता." बाप हातमागावरचा विणकर, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि राग आला की दोन्ही. बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या आणि शहरात तीन-चार ठिकाणी अशी मशीनं सांभाळायच्या.

मशीन म्हणजे पत्र्याची उभी पेटी, वर उतरतं छप्पर. आत मोटार. ती हवा ओढायची. जाड धूळ खालच्या वाटीत पडायची आणि बारीक धूळ वरच्या पांढऱ्या कागदावर बसायची. शेजारच्या बायका मशीनला पिठाची गिरणी म्हणायच्या. आवाज तसाच, आणि खाली वाटी. एकजण खरोखर विचारायला आली, "आण्णा, ज्वारी दळून मिळंल का?" घरात आवाज घुमायचा, गल्लीत मात्र लूमच्या खडखडाटापुढं मशीन सुरू आहे की बंद, कुणाला कळायचं नाही.

आठवड्यातनं दोन दिवस मशीन चालायचं आणि पाळीपाळीनं कागद बदलायचा. रात्रीच्या पाळीला दुसरा माणूस यायचा. तो यायचा आणि जायचा. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

बाईंचं कागद लावणं हे बघण्यासारखं होतं. मी लूमवर नक्षी चढवणारी माणसं बघितली आहेत, पण एवढं सोवळं कुठं बघितलं नाही. चपट्या डब्यातनं कागद काढायचा तो हातमोजे घालून, दोन्ही हातांवर आडवा, गरम भाकरी धरावी तसा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही. एकदा मी जवळ उभा राहून विचारलं, "ह्यात कळतं काय?" तर डोळे एवढे मोठे करून बघितलं. कागद बसला, नट आवळले, मोटार सुरू झाली, मग म्हणाल्या, "मामा, माझ्या कागदावर पहिला श्वास तुमचा पडला असता. मग मी कुणाची हवा मोजली असती? गल्लीची की तुमच्या तंबाखूची?"

अंगाला पावडर नाही. कपाळाला पिंजर नाही, टिकली चिकटवलेली. केसांत फूल नाही. सोलापूरची बाई आणि डोक्यात गजरा नाही, म्हटल्यावर गल्लीत कुजबूज झाली. कुणी म्हणालं नवऱ्यानं टाकली, कुणी त्याच्या पुढचं म्हणालं. शेवटी कौसल्येनं तोंडावर विचारलं. बाई खळखळून हसल्या. "अय्यो मामी! नवरा आहे, दोन वेळा जेवतो, घोरतो पण. फुलाची भुकटी पडते म्हणून नाही घालत. पिंजर उडते म्हणून नाही लावत. कागदाला काय कळतं, हे कुंकू आणि ही धूळ?"

संक्रांतीला बायकांनी हळदीकुंकवाला धरून बसवलं तर म्हणाल्या, "आधी कागद डब्यात जाऊ दे, मग काय फासायचं ते फासा."

आणि एक खोड. कुणाच्याही घरी गेल्या की टीव्हीवरनं, कपाटावरनं, जे पुढं येईल त्यावरनं बोट फिरवायचं आणि उजेडात धरून बघायचं. आमच्या देवाच्या फळीवरनं फिरवलं तेव्हा कौसल्येचा चेहरा पडला. रोज पुसणारी बाई ती. बाई म्हणाल्या, "मामी, हे तुमचं नाही. सकाळी पुसून दुपारी एवढं बसतं ते बाहेरचं. आणि दिसते ती धूळ गरीब असते वो. नाकात अडकते, शिंकेबरोबर जाते. दिसत नाही ती डांबिस. ती आत जाऊन घर करते."

कौसल्या खाली बसली. म्हणाली, "माज्या छातीत?"

"तेच बघायला आलेय."

त्या दिवसापासनं कौसल्येनं बाईंना पोटच्या पोरीसारखं धरलं. कारण एवढंच, की तिचं खरं आहे की खोटं हे बघायला पहिल्यांदा कुणीतरी आलं होतं.

त्या वर्षी तिनं गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या, आणि बाई शिंकत शिंकत खाली आल्या, "मामी, कागदावर तुमची शेंगाचटणी छापून आली!" तर पुढच्या वर्षापासनं मिरच्या, कुरडया, सगळं वाळवण शेजारणीच्या गच्चीवर गेलं. जन्मात कुणाच्या गच्चीवर पापड न घातलेली बाई. मोगऱ्याची कुंडीसुद्धा मशीनपासनं लांब, जिन्याच्या तोंडाशी आणली. त्या मोगऱ्याचा गजरा करून बाईंच्या दिवशी वाट बघायची. बाई गजरा घ्यायच्या, ओल्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवायच्या.

"एकदा तरी घालून दाव की ग माज्यापुढं."

"मशीन खाली उतरलं की घालते मामी. तुमच्यापुढं उभी राहून, पाठ करून दाखवते."

"तवर मी हाय का न्हाय!"

"असं म्हणाल तर गजरा घ्यायची नाही."

हे दर वेळचं बोलणं होतं. म्हणायचं म्हणून म्हणायचं.

आता सड्याचं सांगतो.

पाहुणं येणार म्हटलं की दारात सडा पडतो, ही आमच्या घरची रीत. बाई सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. त्या दिवशी कौसल्या पहाटे उठून आधी गच्ची धुवायची, मग जिना, मग दारात सडा, रांगोळी. तिचं बघून शेजारणी लागल्या. हवा बघायला बाई येणार, आपली गल्ली घाण दिसायला नको, ही त्यांची अब्रू. गल्लीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत पाणी शिंपडलेलं, कचरा पेटवलेला नाही, सगळं कसं लग्नघरासारखं.

आणि कागद निघायचे पांढरे. म्हणजे अगदी पांढरे नव्हेत, पण बाईंना वाटलं होतं तेवढे काळेही नव्हेत. बाई कागद उजेडात धरायच्या आणि खालनं कौसल्येचा खोकला ऐकायच्या. एकदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मामा, मामी खोकतात, कागद खोकत नाही. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

मी म्हणालो, "माजी बायको खोटं बोलत न्हाय."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर झोप लागेना."

मग एका मंगळवारी मोटारीचं काहीतरी बदलायला त्या न सांगता आल्या. गल्लीत पाऊल ठेवलं आणि ठसका लागला. धुराड्यातनं डांबरासारखा धूर. गुरुवारी परत आल्या तर त्याच धुराड्यातनं पांढरी वाफ, जशी काय गवळ्याच्या घरची. बाई सायझिंगच्या फाटकापाशी थांबल्या. खाली बघितलं. फाटकापाशी माती ओली. आमच्या गल्लीचा उतार त्यांच्याकडं आहे; सड्याचं पाणी ओघळत ओघळत थेट त्यांच्या फाटकाला लागायचं. बाई त्या ओलीच्या मागं मागं चालत वर आल्या, दारं ओलांडत, रांगोळ्या चुकवत, आणि पाणी जिथनं निघालं होतं तिथं येऊन उभ्या राहिल्या. आमच्या दारात. कौसल्या हातात तांब्या घेऊन हसत उभी.

"मामी, हे कुणी घातलं?"

"आमीच की. तू येणार म्हणून."

बाई ओट्यावर बसल्या आणि डोक्याला हात लावला. "देवुडा! मामी, बॉयलरवाल्याला तुम्हीच निरोप धाडायलाव की वो. फाटकाशी ओल दिसली की त्याला कळतं, आज बाई येणार. मग तो लाकूड जाळतो. ओल वाळली की रबर. वर पाणी मारून धूळ बसवलीत, तेही आलंच. फोटोच्या दिवशी माणूस पावडर लावतं, तशी तुम्ही हवेला पावडर लावलीत!"

कौसल्येचा तांब्या तसाच हातात. तिला फार लागलं. म्हणाली, "पाहुणी येणार आन् दारात सडा न्हाय? आमच्यात मयत झालेल्या घरापुढं सडा नसतोय बाई. तू यायच्या दिवशी मी दार तसं ठिवू?"

बाई उठल्या. त्या दिवशी चहा न पिता गेल्या. कौसल्या जेवली नाही.

पण ती माझी बायको होती. हट्टात मला हरवणारी एकच बाई. काही दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, त्यास्नी ओल बघून कळतंय न्हवं? मग ती यायची नसंल त्या दिशी सडा घालू."

बाईंनी वरच्या साहेबांना विचारून दिवस बदलून घेतले. कधी येणार हे फक्त आमच्या घराला आदल्या दिवशी कळायचं, आणि कौसल्या ते शेजारणींच्या कानात सांगायची. आणि मग आमच्या गल्लीत जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाई यायच्या नसतील त्या दिवशी सडा, रांगोळी, झाडलोट, धुलाई, कौसल्या फाटकाकडं बघून मुद्दाम मोठ्यानं, "आटपा ग बायांनो, बाई येतील!" बॉयलरवाला भाबडा मनुष्य, लाकडावर लाकूड घालतोय. आणि बाई खरोखर यायच्या त्या दिवशी दार कोरडं. रांगोळी नाही. कुणी "या" म्हणायचं नाही, कुणी बघायचंसुद्धा नाही. बाई गल्लीतनं यायच्या त्या कुणाच्या कुणी नसल्यासारख्या. कौसल्या उंबऱ्यात त्यांच्याकडं पाठ करून तांदूळ निवडत बसायची. बाई तिच्या अंगावरनं जिना चढायच्या. उतरताना पाठीमागं एक क्षण थांबून हळूच म्हणायच्या, "मामी, आज तरी वळून बघा." कौसल्या वळायची नाही. खांदे हलायचे फक्त. हसून की कशानं, हे मी पुढं जाऊन कधी बघितलं नाही.

पाठ वळवून बसायला तिला किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. तांदूळ तेच ते परत परत निवडायची.

आणि कागद बोलायला लागला. पहिला काळा कागद निघाला तेव्हा बाईंनी नियम मोडला. कागद डब्यात घालण्याआधी कौसल्येला वर बोलावलं, नाकातोंडावर पदर धरायला लावला आणि लांबनंच दाखवला. सकाळी लावला तेव्हा दुधासारखा होता, आता तव्याच्या बुडासारखा. "एकेक कण डोळ्याला दिसत नाही मामी. दिवसभर ओढून एके ठिकाणी धरले की असे दिसतात."

कौसल्येनं कागद बघितला. मग जिन्यावरनं पोराला हाक मारली, सुनेला हाक मारली. म्हणाली, "बगा. मन न्हवं ह्ये."

एवढंच बोलली. पण खाली उतरली ती मान वर करून. मी तिला लग्नात तसं बोहल्यावरनं उतरताना बघितलं होतं.

अशा कागदांची गड्डी वर गेल्यावर सायझिंगचे मालक घरी आले. माणूस वाईट नाही, त्यांच्या वडलांच्या लूमवर मी होतो. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आण्णा, आमच्या वडलांच्या लूमवर तुमचं घर उभं राहिलं, आणि त्याच घरावर आमच्याविरुद्ध मशीन बसवलं?"

मी म्हणालो, "घर माज्या हातांवर उभं राहिलं. लूम काय तुमचं वडील चालवीत न्हवतं."

नेमक्या बाई जिना उतरत होत्या. मालक त्यांच्याकडं वळले, "बाई, या बॉयलरवर किती घरांच्या चुली पेटतात, ठाऊक आहे?"

"पेटू द्या की. बॉयलर विझवा कोण म्हणालं? तुमच्या घरच्या चुलीत रबर घालून भाकरी भाजाल का साहेब? मग ह्याच्यात का घालता?"

मालक चहा अर्धा टाकून गेले. पुढं नोटीस आली, सुनावण्या झाल्या. रबर-रेग्झिन बंद झालं आणि धुराडं उंच झालं. आमच्या गल्लीत पेढे वाटले. बाईंनी पेढा हातात धरून ठेवला, उंच धुराड्याकडं बघत. म्हणाल्या, "निम्मं काम झालं मामा. निम्मा धूर गेला, निम्म्यानं पत्ता बदलला. आता तो पलीकडच्या वस्तीत पडणार. तिथं गच्ची शोधायला पाहिजे."

कौसल्या म्हणाली, "पेढा खा आदी."

हवा बरी झाली, पण छातीत जे घर करून बसलं होतं ते उठलं नाही. दोन पावसाळे तिनं काढले. खोकला खोल गेला. बाई यायच्या, मशीनचे दिवस अजून गुपितच होते; एकदा लागलेली शिस्त कुणी मोडली नाही. सडा नाही, "या" नाही, उंबऱ्यात पाठ.

ती गेली ती एका दुपारी. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं अजून जमायची होती. पोरगा आंघोळीला गेलेला, सून आत. तिला जिथं ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा, आणि मी भिंतीला टेकून. दारात सडा नव्हता.

बाईंचा दिवस होता तो. आम्ही कुणी कळवलंच नव्हतं; सुचायला पाहिजे ना. बाई गल्लीतनं आल्या. दार कोरडं बघितलं, रांगोळी नाही बघितलं, कुणी बोलत नाही बघितलं, आणि नेहमीसारख्या न बोलता सरळ जिना चढून गेल्या. ठरलेलंच होतं ते. मी बूट वाजलेले ऐकले. उठून सांगावं असं वाटलं, तोवर त्या वर पोचल्या होत्या. वर नट आवळल्याचा आवाज आला. मोटार सुरू झाली. मग त्या उतरल्या, उंबऱ्यापाशी नेहमीच्या जागी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मामी, आज तरी..."

उंबऱ्यात कुणी नव्हतं. त्यांनी आत बघितलं. दिवा बघितला, मग मला बघितलं.

आल्या तशा मागं फिरल्या, जिना चढल्या. मोटार बंद झाली. घर एवढं गप झालं की दिव्याची वात चरचरलेली ऐकू आली. ताप असो, पाऊस असो, घरात लग्न असो, कागद न चुकवणारी बाई. त्या दिवशी लावलेला कागद काढून घेऊन खाली आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. कौसल्या बसायची तशी, रस्त्याकडं पाठ करून. तो कोरा कागद मांडीवर होता आणि हातांत हातमोजे नव्हते. त्यावर काय पडत होतं ते त्यांनी पडू दिलं.

"मला सडा नव्हता त्यात काही वेगळं दिसलंच नाही मामा," एवढंच परत परत म्हणत होत्या.

मी म्हणालो, "तिनंच तसं ठरीवलं हुतं न्हवं. तुमची चूक न्हाय."

त्यानंतर बाई आणखी थोडे दिवस येत राहिल्या. चहा मी करायचो, त्या प्यायच्या. साखर कमी आहे की जास्त हे दोघांपैकी कुणी बोलायचं नाही. मग कळलं, आता आपोआप चालणारं मशीन आलं आहे. त्याला कागद बदलायला माणूस लागत नाही, आकडा थेट तारेतनं जातो. जुनी मशीनं उतरणार. बाईंची बदली कुठंतरी विदर्भाकडं, नवऱ्याच्या नोकरीच्या गावाजवळ.

उतरवायचा दिवस त्यांनी मला आदल्या दिवशी कळवला, सवयीनं.

मी पहाटे उठलो. बादली भरली. आता कुणापासनं लपवायचं काय होतं? गच्ची धुतली, जिना धुतला. मग दारात आलो आणि ओंजळीनं सडा घातला. बायकांना हात कसा फिरवायचा हे जन्मतः येतं. माझं पाणी कुठं तळं झालं, कुठं कोरडं राहिलं. शेजारीण दारात येऊन बघत राहिली. म्हणाली, "आण्णा, द्या की हिकडं." मी म्हणालो, "सरक." रांगोळी मला येत नाही, म्हणून नुसती एक रेघ ओढली. ती सरळ आली. ताण्याचा उभा धागा सरळ बघण्यात जन्म गेला माझा.

बाई टेम्पो घेऊन आल्या. गल्लीच्या तोंडाशी उतरल्या आणि ओल बघून तिथंच थांबल्या. मग बूट काढले, हातात घेतले, आणि अनवाणी चालत वर आल्या.

मी दारात उभा राहून म्हणालो, "या बाई. या."

बोल्ट गंजले होते, माणसांना जोर लावावा लागला. पेटी खाली गेली. बाई भोकांपाशी उभ्या होत्या. मग जिन्याच्या तोंडाशी गेल्या. मोगऱ्याकडं कौसल्येनंतर कुणी बघितलं नव्हतं. मी पाणी घालायचो, पण झाडाला नुसतं पाणी पुरत नाही. चार-दोन कळ्या होत्या. बाईंनी त्या खुडल्या आणि माझ्यापुढं हात केला. "मामा, लूमवाल्याला गाठ मारता येते ना?"

"झेपायचं न्हाय म्हणा की," मी म्हणालो.

त्या हसल्या. डोळे पुसत हसल्या.

घरात सूत कायम असतं. मी कळ्या ओवल्या. तुटलेला ताणा जोडायची गाठ आमची, ती बोटांना अजून येते. फुलं मात्र बारकी होती आणि माझी बोटं जाड. गजरा म्हणावा असा झाला नाही. बाईंनी तो घेतला, डबी उघडली नाही, रुमाल काढला नाही. तिथंच उन्हात उभ्या राहून केसांत माळला. मग जिना उतरल्या, उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. घरात तोंड करून नव्हे. पाठ करून. मान थोडी खाली घालून, बाई केसांतलं दुसऱ्या बाईला दाखवते तशा, मोकळ्या घराकडं पाठ करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

मी आत उभा होतो. बाजूला सरकलो, आतनं तिला दिसावं म्हणून.

मग त्या टेम्पोत मागं, मशीनला हात लावून बसल्या. टेम्पो उतारानं गेला. माझ्या सड्याचं पाणी त्यांच्या चाकांपुढं पुढं ओघळत होतं आणि सायझिंगच्या फाटकापाशी वळेपर्यंत मला काळ्या केसांतला पांढरा ठिपका दिसत होता.